दीडशे युरोत हिवाळ्याची सायकल

प्रश्न: ताई, मी मूळची मिरजेची. ऑक्टोबरपासून म्युनिकमध्ये एमएससी करतेय, फ्राइमानला हॉस्टेलवर राहते. बोगनहाउजनमध्ये एका बेकरीच्या दुकानात आठवड्यातून तीन दिवस काम मिळालंय. पहाटे साडेपाचला हजर व्हायचं असतं. अंतर साधारण सहा किलोमीटर, पण त्या वेळी यू-बान म्हणजे मेट्रो, मग बस, मग चालणं यात पाऊण तास जातो आणि एक बस चुकली की बोलणी ठरलेली. सायकलने पंचवीस मिनिटं लागतील असं मॅप सांगतो. कुलूप, दिवे सगळं धरून माझ्याकडे दीडशे युरो आहेत. समोर दोन सायकली आहेत. एक बाउमार्क्ट म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानातली नवी कोरी, एकवीस गिअरची, पुढे सस्पेन्शनवाली. सेलमध्ये 179 युरो, तीस कुठून तरी उभे करीन. दुसरी शिक्षण संपवून निघालेल्या एका सीनियरची, जुनी, जड, तीन गिअरची, 70 युरो. ती म्हणते मागचा ब्रेक पायडलमध्येच आहे, ते मला नीट कळलं नाही. बारावीपर्यंत मिरजेत सायकलनेच कॉलेजला जायचे, पण बर्फात कधी चालवलेली नाही. आई रोज फोनवर म्हणते, बर्फात सायकल चालवायची नाही म्हणजे नाही. कुठली घेऊ? की घेऊच नको?

उत्तर: सीनियरची जुनी सायकल घे. पण तिथे उभं राहून, तिला हात लावून तपासल्याशिवाय पैसे देऊ नकोस. आणि सत्तरातले दहा तरी कमी करून घे, कारण ते दहा युरो तुला ब्रेकच्या रबरांना आणि चेनला लागणार आहेत.

नवी का नको, ते आधी सांगते. म्युनिकच्या हिवाळ्यात सायकलीला सगळ्यात जास्त खातं ते मीठ. बर्फ पडला की मोठ्या रस्त्यांवर मीठ टाकतात, इतर ठिकाणी बारीक खडी पसरतात. त्या मिठाने वितळलेला करडा चिखल चाकाबरोबर उडतो आणि थेट चेनवर, गिअरवर, केबलींच्या तोंडात जाऊन बसतो. एकवीस गिअरच्या स्वस्त सायकलीत गिअर बदलणारा सांगाडा मागच्या चाकाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, उघडा लोंबत असतो. चेनही उघडी. आठवडाभर पुसली नाही तर चेन तांबडी होते, सांध्यातल्या कड्या आखडतात आणि मग गिअर आपोआप मागेपुढे उड्या मारायला लागतो. पुढचं सस्पेन्शन त्या किमतीत जेमतेम कामाचं असतं; मिठाचं पाणी आत गेलं की तेही जाम होतं आणि वर दोन किलो वजन तेवढं राहतं. तू पाठवलेल्या फोटोत मडगार्ड नाहीत, दिवे नाहीत, कॅरियर नाही. ते सगळं घेईपर्यंत 179 चे अडीचशे होतील. नव्या वस्तूला दुकानाची दोन वर्षांची जबाबदारी असते हे खरं, पण गंजलेली चेन आणि झिजलेली रबरं त्यात येत नाहीत, आणि तुझा खर्च नेमका तिथेच होणार आहे.

आता ती जुनी. तीन गिअर मागच्या चाकाच्या मधल्या जाडजूड डब्यात, म्हणजे हबमध्ये असतात. सगळे दातेरी चक्रांचे खेळ त्या बंद डब्यात ग्रीसमध्ये चालतात. बाहेरच्या चिखलाशी त्यांचा संबंध येत नाही. चेन सरळ रेषेत एकाच चक्रावरून फिरते, त्यामुळे तिच्यावर पूर्ण कव्हर घालता येतं. सीनियरच्या सायकलीच्या हबवरची घाण बोटाने पुसून बघ, बहुतेक 'टॉर्पेडो' असं कोरलेलं दिसेल. हे हब मूळचं तू आता राहतेस त्याच राज्यातलं, बायर्न म्हणजे बव्हेरियातल्या श्वाइनफुर्टचं. एर्न्स्ट झाक्स या माणसाने 1903 मध्ये ते बाजारात आणलं आणि पुढे त्याच नावाखाली त्याचे दोन-तीन गिअरचे प्रकार निघाले. चाळीस-चाळीस वर्षांची टॉर्पेडो हब आजही जर्मनीत रोज धावताना दिसतात. शिमानोचं 'नेक्सस' असेल तरी हरकत नाही, तेही चांगलं.

पायडलमधल्या ब्रेकचं सांगते. त्याला इथे र्‍युकट्रिट म्हणतात. पायडल पुढे मारलं की सायकल चालते, थांबवलं की मोकळी धावते, आणि उलट्या दिशेने दाबलं की मागचं चाक धरतं. ब्रेक हबच्या आत असल्यामुळे त्याला पाऊस, बर्फ, चिखल काहीच लागत नाही. थिजायला केबल नाही, झिजायला रबर नाही. पहाटे बोटं बधिर झालेली असतात तेव्हा हाताने लिव्हर आवळण्यापेक्षा पायाने ब्रेक लागणं किती सोयीचं, हे पहिल्या थंडीतच कळेल. हिवाळ्यासाठी स्वस्त सायकल घ्यायची तर हा ब्रेक असलेलीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सवय मात्र करावी लागते. सिग्नलला थांबलं की आपण पायाच्या बोटाने पायडल मागे फिरवून हवं तिथे आणतो. इथे ते फिरणार नाही. मग थांबतानाच एक पायडल पुढे आणि थोडं वर राहील असं बघायचं. चुकलंच तर सीटला धरून मागचं चाक किंचित उचलायचं आणि पायडल पुढच्या दिशेने फिरवून आणायचं. दोन दिवस हॉस्टेलच्या आवारात चकरा मारल्यास की पाय आपोआप शिकेल.

या ब्रेकचा एक धोका आहे. चेन उतरली किंवा तुटली की मागचा ब्रेक गेलाच. म्हणून हाताचा पुढचा ब्रेक चालू हवा. कायद्यालाही एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक लागतात. आणि तुझी पहिली तपासणी याच पुढच्या ब्रेकची. जुन्या सायकलींच्या रिम पुष्कळदा चकचकीत क्रोम केलेल्या लोखंडाच्या असतात. कोरड्या असताना त्यांच्यावर रबर बरं धरतं, ओल्या झाल्या की जवळजवळ धरतच नाही. फ्रिजवरचं एखादं मॅग्नेट खिशात टाकून ने. रिमला चिकटलं तर रिम लोखंडाची, नाही चिकटलं तर अॅल्युमिनियमची. अॅल्युमिनियमची असेल तर उत्तम. लोखंडाची असेल तर बाटलीतलं पाणी रिमवर ओत, सायकल थोडी चालवून ब्रेक दाब, किती अंतरात थांबते ते स्वतः बघ. तरीही मागचा पायाचा ब्रेक चोख असेल तर मी ती सायकल नाकारणार नाही, पण भाव आणखी पाडीन आणि पुढचं चाक बदलायचं आहे हे मनात धरीन. वापरलेलं अॅल्युमिनियम रिमचं पुढचं चाक थोडक्यात मिळून जातं.

दुसरी तपासणी मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला. तिथे आसापासून निघालेली एक चपटी लोखंडी दांडी फ्रेमच्या खालच्या नळीला पट्टीने आणि एका स्क्रूने कसलेली असते. ब्रेक मारला की सगळा जोर या दांडीवर येतो. पट्टी ढिली असेल किंवा कोणी तिथे नुसती तार गुंडाळली असेल, तर जोरात ब्रेक मारताच दांडी फिरेल आणि ब्रेक जाईल. हलवून बघ, जराही हलता कामा नये. स्क्रू नसेल तर नवा बसवून घ्यायला काही लागत नाही, पण तो बसेपर्यंत सायकलवर बसायचं नाही.

तिसरं, गिअर. टॉर्पेडोत उजव्या बाजूने आसातून एक बारीक साखळी बाहेर येते, तिला केबल जोडलेली असते. तिन्ही गिअर एकेक करून टाक आणि प्रत्येकात उभं राहून पायडलवर वजन दे. मधेच पायडल एकदम मोकळं सुटलं तर बहुतेक वेळा केबलीचा ताण बिघडलेला असतो, आणि त्या साखळीजवळची छोटी खाच सरकवून किंवा पेच फिरवून तो पाच मिनिटांत जुळतो. ताण जुळवूनही सुटत असेल तर हब आतून झिजलंय, ती सायकल सोड. चढावर उभं राहून मारताना पायडल सुटलं की गुडघा थेट हँडलवर आदळतो.

चौथं, सीट. हे मुलींनी नक्की बघायचं, कारण इथल्या फ्रेम उंच माणसांच्या मापाच्या असतात. सीटची नळी फ्रेममध्ये गंजून चिकटली असेल तर ती वरखाली होत नाही, आणि ती सोडवणं हे मोठं दुखणं आहे. उन्हाळ्यात सीट थोडी उंच चालते. बर्फात मात्र सीटवर बसल्या बसल्या दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत. सायकल सरकली तर पाय टेकून सावरायचं असतं, आणि टाचा अधांतरी असतील तर सावरता येत नाही. नळी हलत नसेल आणि उंचीही तुझ्या मापाची नसेल तर सत्तर काय, तीसलाही घेऊ नकोस.

बाकीचं झटपट: क्रँक, म्हणजे पायडलची दांडी, हातात धरून बाहेर-आत हलवून बघ, खडखड नको. चाक उचलून फिरव, रिम थोडी आउट असेल तर चालतं, ब्रेकला घासत असेल तर नाही. टायरच्या बाजूला बारीक भेगा असतील तर टायर संपलाय. मडगार्ड लांब हवेत आणि टायर-मडगार्डमध्ये बोट जाईल एवढी जागा हवी, नाहीतर ओला बर्फ तिथे साचून चाक धरतो.

सीनियर ओळखीची असली तरी कागद कर. साध्या कागदावर दोघींची नावं, तारीख, किंमत आणि फ्रेमचा नंबर. नंबर बहुतेक सायकलींवर उलटं केल्यावर पायडलच्या आसाखाली ठोकलेला सापडतो. हे एवढ्यासाठी की जर्मन कायद्यात चोरीची वस्तू तू कितीही प्रामाणिकपणे, पूर्ण पैसे देऊन घेतलीस तरी ती तुझ्या मालकीची होत नाही. मूळ मालक सापडला की सायकल जाते आणि पैसेही. सीनियरने ती कोणाकडून घेतली, तिच्याकडे काही कागद आहे का, हेही विचार. हॉस्टेलमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे फिरत आलेल्या सायकलींचा इतिहास बऱ्याचदा कोणालाच माहीत नसतो.

समजा ही सायकल तपासणीत नापास झाली. मग पाझिंगला हाले 2 मध्ये जा. शहराच्या कचरा विभागाचं ते जुन्या वस्तूंचं दुकान आहे. तिथे काही नाही मिळालं तर जुन्या सायकली दुरुस्त करून विकणारी दुकानं बघ. तिथे किंमत थोडी जास्त पडेल, पण वापरलेल्या मालालाही दुकानदाराची काही काळ जबाबदारी राहते, जी खाजगी विक्रीत कागदावर एका ओळीने झटकली जाते. क्लाइनआन्त्साइगन या जुन्या वस्तूंच्या साइटवर बघणार असशील तर पाहिल्याशिवाय आगाऊ पैसे पाठवायचे नाहीत, कोणी कितीही घाई करो. भावाच्या पुढे 'VB' (फाउबे) लिहिलेलं असलं की घासाघीस चालते. ऑक्टोबरमध्ये नव्या सेमिस्टरची झुंबड असते, एप्रिलमध्ये ऊन पडलं की अख्खं शहर सायकल शोधतं. नोव्हेंबरच्या शेवटापासून भाव उतरतात. तू नेमकी चांगल्या वेळेला आली आहेस. आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरही टाकून ठेव. परत निघालेली किंवा गाव बदलणारी कुटुंबं सायकली अक्षरशः देऊन टाकतात.

आता तुझ्या दीडशे युरोंची वाटणी. सायकल 60. कुलूप 40. दिवे 30. राहिलेल्या वीसात ब्रेकची रबरं, तेलाची बाटली, आणि चेन ताणलेली असेल तर नवी चेन. अशा हबच्या सायकलीची साधी चेन दहा-पंधरा युरोंत येते. मजुरी द्यायची नाही. पुष्कळ विद्यापीठांत विद्यार्थ्यांनी चालवलेली सायकल दुरुस्तीची खोली असते, तिथे पाने आणि पंप असतात आणि कोणीतरी शिकवणारं असतं. तुझ्या विद्यापीठाच्या विद्यार्थी प्रतिनिधींकडे चौकशी कर. बाहेरच्या दुकानात नुसत्या सर्व्हिसिंगला सायकलीइतके पैसे सांगतील, आणि काही जण जुनी सायकल हातात धरायलाही नाही म्हणतील.

साठाच्या सायकलीला चाळीसचं कुलूप जड वाटेल, पण तिथे हात आखडू नकोस. पातळ वायरचं कुलूप कटरने एका झटक्यात तुटतं. यू आकाराचं किंवा घडीचं घे, आणि नुसतं चाक न बांधता फ्रेम एखाद्या रोवलेल्या खांबाला बांध. थंडीत कुलूप आतून गोठतं. त्यावर गरम पाणी ओतायचं नाही, ते पाणीच पुन्हा गोठतं; आधीपासून कुलपाच्या तेलाचे दोन थेंब आत सोडत जा आणि लावताना किल्लीचं भोक खाली ठेव.

दिव्यांबद्दल जरा थांबून सांगते, कारण तुझा सगळा प्रवास अंधारात आहे. डिसेंबरात म्युनिकमध्ये सूर्य आठच्या सुमाराला उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. पहाटे पाचच्या आधी तू निघशील तेव्हा मध्यरात्रीसारखाच काळोख असेल, वर काळं जॅकेट, काळी टोपी. गाडीवाल्याला तू दिसणं हे तुझ्या हातात आहे. पुढे पांढरा, मागे लाल, दोन्ही लागतातच. नसले आणि पोलिसाने धरलं तर 20 युरोंपासून दंड. जुन्या सायकलीवर टायरला घासणारा बाटलीसारखा डायनॅमो असेल, आपल्याकडच्या जुन्या सायकलींना असायचा तसाच. कोरड्या रस्त्यावर तो चालतो, ओल्या बर्फात टायरवरून घसरतो आणि दिवा विझतो, नेमका नको तेव्हा. पुढच्या चाकाच्या हबमध्ये डायनॅमो असेल तर नशीब, दिव्यांचे तीस युरो वाचले. नसेल तर बॅटरीचे दिवे घे. 2013 पासून तेही कायद्याला चालतात. घेताना दिव्यावर नागमोडी रेघेपुढे 'के' आणि आकडा छापलेला आहे का बघ. ती मंजुरीची खूण. ऑनलाइन मिळणारे दहा युरोंचे झगझगीत दिवे तिच्याशिवाय येतात, आणि समोरच्याचे डोळे दिपवतात. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून आदल्या रात्री चार्जिंगला लावणं हे गजर लावण्याइतकंच ठरलेलं काम. पायडलांवर पिवळे रिफ्लेक्टर आणि चाकांवर पांढऱ्या चमकत्या पट्ट्या किंवा पिवळे रिफ्लेक्टर हवेत. अंगात एक स्वस्तातला चमकत्या पट्ट्यांचा जॅकेटवरचा बंडी-प्रकार घाल, बेकरीतले लोक हसणार नाहीत, इथे सगळे घालतात.

खिळ्यांचे टायर घ्यायचे का, असं तू विचारलं नाहीस, पण कोणीतरी सांगेलच. टायरच्या रबरात बारीक धातूचे खिळे बसवलेले असतात आणि ते बर्फाच्या काचेत रुततात. मोटारींना जर्मनीत मनाई आहे, सायकलींना चालतात. म्युनिकमध्ये बहुतेक दिवस रस्ते साफ केलेले असतात, त्यामुळे ते लागतातच असं नाही. पण तू पहाटे पाचच्या आधी निघणार, जेव्हा रात्रीचं वितळलेलं पाणी पुन्हा गोठलेलं असतं आणि साफसफाईच्या गाड्या सगळीकडे पोचलेल्या नसतात. म्हणून माझा सल्ला असा की पहिल्या पगारातून एकच टायर घे आणि तो पुढे लाव. मागचं चाक सरकलं तर सावरता येतं, पुढचं सरकलं की माणूस आडवाच होतो. टायरच्या बाजूला 37-622 किंवा 47-622 असा आकडा छापलेला असतो, तो टिपून दुकानात ने, नुसतं 'अठ्ठावीस इंची' सांगितलं तर गोंधळ होतो, कारण जुन्या सायकलींत त्याच नावाखाली वेगळ्या मापाची चाकं येतात. नव्या खिळ्यांच्या टायरवर पहिले तीस-चाळीस किलोमीटर सावकाश, ब्रेक न आपटता चालव, म्हणजे खिळे नीट बसतात. आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह बघ. जुन्या जर्मन सायकलींवर बऱ्याचदा तोच व्हॉल्व्ह असतो जो आपल्याकडच्या साध्या सायकलीला असतो, त्यामुळे हवा भरणं तुला शिकवायला नको.

रस्ता. मॅप तुला इंग्लिशर गार्टन या मोठ्या बागेतून नेईल, कारण तो जवळचा. पहाटे तिथून जाऊ नकोस. आतल्या बहुतेक वाटांवर दिवे नाहीत, बर्फ काढलेला असेलच असं नाही, आणि पडलीस तर बराच वेळ कोणी येणार नाही. उंगररश्ट्रासेसारखा दिव्यांचा मोठा रस्ता धर, किलोमीटरभर लांब पडला तरी. निळ्या गोल पाटीवर पांढरी सायकल असेल तर त्या सायकलवाटेनेच जायचं असतं, पण ती बर्फाने किंवा साचलेल्या ढिगाऱ्याने चालवण्याजोगी नसेल तर तुला मुख्य रस्त्यावर उतरायची मुभा आहे. डाव्या बाजूच्या वाटेने उलटं मात्र जायचं नाही. 20 युरो दंड आहे आणि वळणाऱ्या मोटारीचा चालक त्या बाजूला बघतच नाही.

बोगनहाउजनमध्ये ट्रामचे रूळ आहेत. ओले रूळ साध्या बर्फापेक्षा निसरडे असतात आणि टायर त्यांच्या खाचेत अडकतो. शक्य तितकं काटकोनात ओलांड, ओलांडताना हँडल वळवू नकोस, ब्रेक लावू नकोस. रस्त्यावरची लोखंडी झाकणं तशीच. वळणांवर पसरलेल्या बारीक खडीवरून चाक ज्वारीच्या राशीवरून पाय सरकावा तसं सरकतं. वळायच्या आधी वेग कमी कर, वळताना नको. आणि पहिल्याच दिवशी हे बघ की कुठला हात कुठला ब्रेक लावतो. आपल्याकडे सहसा उजव्या हाताला पुढचा असतो, इथे बऱ्याच सायकलींत उलटं असतं. घाबरल्यावर हात जुन्या सवयीनेच आवळला जातो. बर्फावर पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटतं. तिथे मागचाच ब्रेक, तोही हलक्या पायाने. चाकाखाली गोठलेली काच आहे असं वाटलं तर पायडल मारणं थांबव, हँडल सरळ धर आणि सायकलला तिच्या वेगाने पलीकडे जाऊ दे.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नकोस. हात आणि कान झाकले की सहा किलोमीटर कसेही जातात. हातमोजे वाऱ्याला अडवणारे हवेत. निघताना थोडी थंडी वाजत असेल इतपतच कपडे घाल, नाहीतर पोचेपर्यंत घामाने भिजशील आणि दुकानात उभं राहून गारठशील. हेल्मेट सक्तीचं नाही, पण घाल, खाली पातळ टोपी. सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेव.

आता आईचं. आईचं म्हणणं उडवून लावू नकोस, कारण तिची भीती खोटी नाही. तिला असं सांग की बर्फ पडला म्हणून सायकल बंद नाही, पण काही दिवस सायकलला हात लावणार नाही, आणि ते दिवस आधीच ठरवलेले आहेत. पाऊस पडतोय आणि जमीन गोठलेली आहे, असा दिवस. त्याला इथे ग्लाटआइस म्हणतात. रस्ता नुसता ओला दिसतो, प्रत्यक्षात त्यावर काचेचा पापुद्रा असतो. ताज्या बर्फावर हळूहळू चालवता येते, यावर नाही. जर्मन हवामान खात्याचं 'वार्नवेटर' हे अॅप फोनवर घे, त्यावर आदल्या रात्रीच इशारा येतो. आणि 2 डिसेंबर 2023 सारखा दिवस. चाळीस सेंटिमीटरच्या वर बर्फ साचला, विमानतळ बंद, एस-बान म्हणजे लोकल आणि ट्राम बंद. अशा वेळी दुकानात फोन करायचा आणि घरात बसायचं. पोचणं ही तुझी जबाबदारी मानतात हे खरं, त्यामुळे तेवढ्या तासांचे पैसे बुडतील. बुडू देत. तुझं यू-बानचं तिकीट सायकलमुळे बंद करू नकोस. त्या तिकिटात सायकल नेता येत नाही, तिचं वेगळं तिकीट लागतं आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत आत घेतही नाहीत. म्हणून सकाळी ठरवायचं, आज सायकल की आज गाडी.

आईला आणखी एक सांग, आणि तूही लक्षात ठेव. कामावर जाताना किंवा येताना, सरळ वाटेवर अपघात झाला तर तो कामावरचाच अपघात धरला जातो. छोट्या पगाराच्या अर्धवेळ नोकरीलाही ते लागू आहे. उपचाराचा खर्च सरकारी अपघात विमा करतो. डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगायचं की मी कामावर जात होते. अशा अपघातांसाठी नेमलेले खास डॉक्टर असतात, त्यांच्याकडे पाठवतील. दुकानालाही त्याच दिवशी कळवायचं. वाटेत मैत्रिणीकडे वळलीस तर मात्र तो रस्ता त्यात बसत नाही. आणि दुसऱ्याचं नुकसान तुझ्या हातून झालं, कोणाच्या नव्या मोटारीवर ओरखडा उठला, तर त्यासाठी हाफ्टफ्लिश्ट विमा हवा. वर्षाला थोड्याच युरोंचा असतो. अजून काढला नसशील तर सायकलच्या आधी तो काढ.

सायकल घेतल्यावर आठवड्याला दहा मिनिटं दे. चेनवरून कापड फिरव, कोरडी कर, मग एकेका कडीवर तेलाचा थेंब, आणि वरचं जास्तीचं तेल पुन्हा पुसून टाक. तेलाने बरबटलेली चेन खडीची धूळ धरते. रिमवरून आणि ब्रेकच्या रबरांवरून ओलं कापड फिरव, रबरात रुतलेले खडे नखाने काढ. मिठाचा थर साध्या पाण्याने धुवायचा. जोराच्या फवाऱ्याने नाही, तो बेअरिंगमधलं ग्रीस बाहेर काढतो. सायकल हॉस्टेलच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, ठेवता आली तर ठेव. एकदा आत, एकदा बाहेर असं करून ओली सायकल थंडीत काढलीस तर केबलींत शिरलेलं पाणी गोठतं आणि लिव्हर दबतच नाही. म्हणून निघण्याआधी रोज पुढचा ब्रेक दोनदा दाबून बघायचा आणि सायकल दोन पावलं ढकलत नेऊन मागचाही.

सायकल हातात आली की पहिल्या शिफ्टच्या आधीच्या रविवारी दुपारी, उजेडात, तोच रस्ता दुकानापर्यंत चालवून ये. कुठे रूळ आहेत, कुठे सायकलवाट संपते, कुठल्या पुलावर वारा लागतो आणि ओल राहते, ते टिपून ठेव. पूल सगळ्यात आधी गोठतात. परत आल्यावर मॅपच्या पंचवीस मिनिटांत दहा मिळव आणि तेवढा वेळ धरून पहाटेचा गजर लाव.